तारुण्यातील मूत्रविकार आणि त्यांचे विरळ उपद्रव
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, उद्योगधंदे, शिष्यवृत्त्या आणि वधूवरसूचन या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी आम्ही लघवीच्या विकारांचा विषय पुढे मांडावा, हे पाहून काही मंडळींच्या मनात संकोच उत्पन्न झाला असेल. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हा संकोच आपल्या घराघरांत आहे, आणि तोच आज आम्हांस येथे बोलावयास लावीत आहे.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे तरुण वयात बहुधा किरकोळ दुखणे असते. योग्य औषधाने ते थोड्या दिवसांत बरे होते. वैद्यकात ज्यांना उपद्रव म्हणतात, म्हणजे मूळ रोगातून उद्भवणारे दुसरे व अधिक घोर विकार, ते या वयात विरळ आहेत. परंतु आमच्या व्यवसायात आम्हांस वारंवार असे दिसत आले आहे की, हे विरळ उपद्रव जेथे घडतात तेथे जंतूंच्या सामर्थ्यास माणसांच्या विलंबाची जोड मिळालेली असते. आणि विलंबाच्या मुळाशी पुष्कळदा लाज असते. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार एवढेच आहे.

प्रथम या दुखण्याचे स्वरूप पाहू. आपल्या पाठीच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आड, एकेक मूत्रपिंड असते. त्यांतून निघालेल्या सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयात उतरतात, आणि मूत्राशयातून मूत्रमार्ग बाहेर उघडतो. हा शेवटचा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत अवघा ४ सेंटिमीटर लांब असतो. जंतू बहुधा बाहेरून आत व खालून वर चढतात. त्यांना चढावयाची वाट ज्या शरीरात आखूड, त्या शरीरात संसर्ग अधिक, हे उघड आहे. म्हणूनच सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणे होते. तरुण पुरुषांत ते क्वचित् होते. आणि झाले तर त्यामागे खडा, अडथळा किंवा अन्य काही कारण आहे काय, याचा शोध अवश्य घ्यावा लागतो.

हे जंतू बहुतांशी आपल्याच आतड्यांतील रहिवासी असतात. थिओडोर एशरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मळात ज्या जंतूचे वर्णन केले, त्यालाच पुढे त्याच्या नावावरून एशरिचिया कोलाय असे नाव मिळाले. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. मूत्रमार्गात शिरला की उपद्रवी ठरतो. साध्या मूत्रसंसर्गाच्या शंभर रुग्णांपैकी पाऊणशेंहून अधिकांत हाच जंतू सापडतो. त्याच्या अंगावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या योगे तो मूत्रमार्गाच्या अस्तरास चिकटून राहतो, आणि लघवीच्या प्रवाहानेही वाहून जात नाही. विवाहानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक नववधूंना हा त्रास होतो, त्याचेही कारण शरीररचनेतच आहे. त्यात कोणाच्या शीलाचा, स्वच्छतेचा अथवा घराण्याचा प्रश्न येत नाही. सर्दी झाली म्हणून आपण कोणास दूषण देत नाही. येथेही देण्याचे कारण नाही.

संसर्ग मूत्राशयापुरता असला म्हणजे लघवीस जळजळ होते, वारंवार जावे लागते, ओटीपोटात दुखते, क्वचित् लघवीत रक्त दिसते. आपल्या आज्या-पणज्या यालाच उन्हाळी लागली असे म्हणत, आणि धन्या-जिऱ्याचे पाणी देत. पाणी अधिक पोटात जाते एवढ्यापुरता त्या उपायाचा उपयोग आहे. परंतु जंतू मूत्रवाहिनीतून वर चढून मूत्रपिंडात पोचले, की चित्र पालटते. हुडहुडी भरून ताप येतो, पाठीत एका बाजूस बरगडीखाली ठणका लागतो, मळमळते, ओकारी होते. या दोन अवस्थांतील भेद प्रत्येक गृहिणीने आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी धरावा. कारण पहिलीत एखाद्या दिवसाचा विचार चालतो, दुसरीत चालत नाही. औषधेही निराळी लागतात. १९५३ पासून वापरात असलेले निट्रोफ्युरंटॉइन हे औषध मूत्राशयाच्या संसर्गावर आजही उत्तम आहे. पण मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेशा प्रमाणात पोचत नाही. तेव्हा मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या या खेपेस घेणाऱ्याची फसगत होते. जळजळ शमते आणि वर मूत्रपिंडात रोग वाढत राहतो.

आता विरळ उपद्रवांकडे वळू.

त्यांतील सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे जंतू रक्तात पसरून सर्व शरीर होरपळणे. ब्राझील देशातील मारियाना ब्रिदी या २० वर्षांच्या तरुणीचे उदाहरण जगभरच्या वृत्तपत्रांत आले होते. मिस वर्ल्ड स्पर्धेसाठी त्या देशात होणाऱ्या निवडीत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली होती. अर्थात् निरोगी, धडधाकट, तरुण. डिसेंबर २००८ च्या अखेरीस ती आजारी पडली. प्रारंभी मूतखड्याचा विकार असावा असे समजण्यात आले. वस्तुतः तो मूत्रमार्गाचा संसर्ग होता, आणि त्यामागे स्यूडोमोनास नावाचा, पुष्कळ औषधांना दाद न देणारा जंतू होता. तो रक्तात पसरला. अशा वेळी रक्तदाब कोसळतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि हातापायांच्या टोकांना रक्त पोचेनासे होते. तिचे हात व पाय कापावे लागले. तरीही २४ जानेवारी २००९ रोजी तिचा अंत झाला. आजारपण सारे महिन्याभराचेही नव्हते. अशी घटना अत्यंत विरळ, हे आम्ही पुन्हा सांगतो. कोणाची झोप उडविण्यासाठी आम्ही ती सांगितली नाही. तरुण वय हे या रोगाविरुद्ध कवच नव्हे, एवढेच तिच्यावरून शिकावयाचे. ताप असताना हातपाय गार पडणे, श्वास जलद चालणे, बोलण्यात भ्रम होणे, लघवी फारच कमी होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा उपद्रव अडथळ्याचा. मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असेल आणि वर संसर्ग झाला असेल, तर पुवाला बाहेर पडावयास वाट राहत नाही. मूत्रपिंड पुवाने फुगते. येथे केवळ औषधे पुरी पडत नाहीत. नळी घालून साचलेला पू तातडीने मोकळा करावाच लागतो. बंद खोलीत आग लागली असता दार उघडल्यावाचून पाणी कोठे मारणार? ज्या तरुणास खड्याची खोड आहे, त्याने कळ व ताप एकत्र आल्यास ही गोष्ट विसरू नये.

तिसरा उपद्रव गळवाचा. मूत्रपिंडात किंवा त्याच्या भोवतालच्या चरबीत पू साचून गळू होते. त्याची खूण अशी की, योग्य औषध चालू असूनही तीन दिवसांत, म्हणजे सुमारे ७२ तासांत, ताप हटत नाही. अशा वेळी वैद्याने सोनोग्राफी अथवा सी. टी. स्कॅन सुचविल्यास तो खर्च अनाठायी मानू नये. आत काय चालले आहे हे पाहिल्यावाचून औषध बदलीत राहणे हे अंधारात बाण मारण्यासारखे आहे.

चौथा उपद्रव मधुमेह्यांचा. १८९८ साली केली आणि मॅक्कलम या अमेरिकेतील वैद्यांनी लघवीवाटे वायू जाणाऱ्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रक्तात साखर फार असता काही जंतू तिच्यावर पोसून मूत्रपिंडाच्या आतच वायू निर्माण करतात, आणि मूत्रपिंडाचा नाश होऊ लागतो. हा विकार बहुतांशी मधुमेह्यांना होतो. आपणांपैकी पुष्कळांची समजूत अशी की मधुमेह हा चाळिशीनंतरचा रोग. परंतु बाल्यात आणि कोवळ्या तारुण्यात सुरू होणारा, इन्शुलिनवाचून न चालणारा मधुमेहही आहे. अशा मुलामुलींच्या लघवीच्या तक्रारीस क्षुल्लक म्हणू नये.

याच्याच जोडीला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा उल्लेख करणे अवश्य आहे. कारण आपल्या महाराष्ट्रात विदर्भात आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत तो पुष्कळ आढळतो. या विकारात मूत्रपिंडाच्या आतील टोकांचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो. ती टोके मरून गळून पडतात. लघवीत रक्त येते, आणि गळालेला तुकडा अडकून अडथळाही होतो. त्यावर संसर्गाची भर पडली म्हणजे धोका दुणावतो.

पाचवा उपद्रव मुका आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा. काही बालकांत मूत्राशय व मूत्रवाहिनी यांच्या सांध्यावरील झडप नीट मिटत नाही. लघवी करताना मूत्र उलटे वर चढते. ताप येण्याइतका मूत्रसंसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यात हा दोष सापडतो. १९६० साली हॉडसन आणि एडवर्ड्स यांनी या उलट्या प्रवाहाचा आणि मूत्रपिंडावर पडणाऱ्या व्रणांचा संबंध दाखवून दिला. बहुतेक मुलांत हा दोष वाढत्या वयाबरोबर आपोआप सुधारतो. काहींच्या मूत्रपिंडावर मात्र व्रण राहतात. मूल मोठे होते, शाळा संपते, महाविद्यालय सुरू होते, कोठेही दुखत नाही; आणि विशी-पंचविशीत नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा पहिल्या गर्भारपणात रक्तदाब वाढलेला आढळतो. तेव्हा तान्ह्या मुलास सर्दी-खोकला नसता ताप आला, ते दूध पिईनासे झाले, तर लघवी तपासून घ्यावी. तान्हे मूल जळजळ होते असे सांगू शकत नाही. त्याच्या तापातच काय ते ओळखावयाचे असते. गर्भवतीने तर पहिल्या महिन्यांत काही त्रास नसतानाही लघवीची तपासणी करून घ्यावी, कारण गर्भारपणात मुका संसर्गही मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरण्यापूर्वी प्रसूतीचे भय उत्पन्न होते.

शेवटी एक रोग असा की, जो मूत्रसंसर्गाचे सोंग घेऊन येतो. लघवीत पुवाच्या पेशी आहेत, त्रास महिनोन् महिने चालू आहे, पण नेहमीच्या तपासणीत जंतूच उगवत नाही. अशा वेळी क्षयाचा संशय धरलाच पाहिजे. रॉबर्ट कॉख याने १८८२ साली ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो फुप्फुसापुरता राहत नाही. मूत्रपिंडातही घर करतो आणि मूत्राशय आक्रसून टाकतो. त्याची औषधे अगदी वेगळी आहेत, ती अनेक महिने घ्यावी लागतात, आणि वेळीच घेतल्यास रोग बरा होतो.

हे उपद्रव ऐकून आपण म्हणाल, हे सारे वैद्यांनी पाहावे. आम्ही काय करावे? आमच्या मते पुष्कळ करण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट औषधांविषयी. औषधविक्रेत्याकडून दोन गोळ्या मागून घ्यावयाच्या, बरे वाटताच थांबवावयाच्या, पुन्हा त्रास झाला की आणखी दोन, ही रीत शहरांत आणि खेड्यांत सारखीच रूढ आहे. अशा अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. याचे फळ आपल्या देशाने पाहिले आहे. भारतात प्रवास करून गेलेल्या, स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत २००८ साली असा जंतू सापडला की, ज्याच्यावर राखून ठेवलेली श्रेष्ठ औषधेही चालेनात. त्या जंतूतील औषध निकामी करणाऱ्या द्रव्यास पुढे नवी दिल्लीचे नाव देण्यात आले. त्या नावावरून आपल्याकडे बरीच नाराजी झाली. परंतु नावावर रागावून जंतू मरत नाहीत. केंद्र सरकारने २०१३ साली औषधांची एच-१ ही अनुसूची काढून, तीतील प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम केला. नियम पाळणे हे विक्रेत्याचे जसे कर्तव्य, तसेच ग्राहकाचेही आहे. ताप असेल किंवा दुखणे फिरून आले असेल, तर औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यावा. त्याचा निकाल येण्यास एक-दोन दिवस लागतात. औषध तोवर चालू ठेवता येते, पण नमुना आधी दिलेला असावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्यांना हा त्रास वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाला होता आणि ज्या पाणी कमी पीत, अशा १४० स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना नेहमीपेक्षा रोज दीड लीटर पाणी अधिक पिण्यास सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा, तर इतर स्त्रियांना ३.२ वेळा संसर्ग झाला. इतका स्वस्त उपाय वैद्यकात दुसरा क्वचितच सापडेल.

पण मुलींनी पाणी प्यावे कसे? शाळेत शौचालय नाही, असले तर दाराला कडी नाही, कडी असली तर नळाला पाणी नाही; म्हणून सकाळी घरातून निघालेली मुलगी सायंकाळपर्यंत घोटभर पाणीही पीत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच मुळी ‘नवेगान्धारणीय’ असे आहे; नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय, आणि त्या वेगांत मूत्राचा वेग अर्थातच आहे. आचार्यांनी जे प्राचीन काळी लिहून ठेवले, ते आपल्या शाळांच्या इमारतींत अद्याप पुरते उतरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्व राज्यांना सहा महिन्यांच्या आत शाळांतून मुलामुलींसाठी शौचालये व पिण्याचे पाणी पुरविण्याचा आदेश दिला. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. कित्येकांना तिच्या नावाचे हसू आले. आम्हांस त्या नावात धैर्य दिसले. ज्ञातीच्या पैशाने जेथे जेथे शाळा, वसतिगृह अथवा मंगल कार्यालय उभे राहते, तेथे तेथे दर्शनी कमानीपूर्वी स्वच्छ शौचालयाचा खर्च धरला जावा, अशी आमची सूचना आहे.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट आम्ही शेवटी ठेविली आहे. वसतिगृहात राहणाऱ्या १९ वर्षांच्या एखाद्या मुलीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तिला जळजळ सुरू होते. ती कोणास सांगत नाही. चौथ्या दिवशी हुडहुडी भरते. ती मैत्रिणीकडून तापाची गोळी घेते. ताप उतरतो, पुन्हा चढतो. अखेर घरी कळते, तेव्हा पहिला प्रश्न निघतो तो असा की, हे बाहेर कळले तर स्थळांचे काय होईल? मग दूरच्या गावचा वैद्य शोधला जातो, नाव बदलून तपासणी होते, जुने कागद फाडून टाकले जातात. पुढे लग्न होते, गर्भ राहतो, पुन्हा ताप येतो. आणि नव्या वैद्यापुढे मागचा एकही कागद नसतो. कागद फाडल्याने रोग फाटत नाही. वैद्याचे डोळे मात्र बांधले जातात.

आमची ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींस हात जोडून विनंती आहे की, या दुखण्याचा आणि विवाहाच्या योग्यतेचा संबंध त्यांनी मनातून काढून टाकावा. वेळीच बरा केलेला मूत्रसंसर्ग हा कोणत्याही वधूचा अथवा वराचा दोष नव्हे. दोष आहे तो लपविण्याच्या रीतीचा, आणि ती रीत मुलींनी पाडलेली नाही. आपण पाडली आहे. ज्या सासूने सुनेस पहिल्याच महिन्यात, ‘काही त्रास झाल्यास मला सांग, संकोच करू नकोस,’ असे सांगितले, तिने एका वाक्यात जे साधले ते आमच्यासारख्यांच्या दहा व्याख्यानांनी साधणार नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हेच वाक्य प्रत्येक वर्षी प्रवेशाच्या दिवशी उच्चारावे. वडिलांनी मुलाशीही बोलावे. मुलगे या बाबतीत मुलींहून कमी लाजतात असे नव्हे.

मूत्रपिंडे दोन असतात, म्हणून एकाची हेळसांड चालेल असा हिशेब कोणी करू नये. पैसा गेला तर मिळविता येतो, परीक्षा हुकली तर पुन्हा देता येते. वाळून व्रण पडलेला मूत्रपिंडाचा भाग पुन्हा हिरवा होत नाही. आपल्या ज्ञातीने शिक्षणासाठी निधी जमविले, गुणवंतांचे सत्कार केले, हे भूषणावह आहे. त्या गुणवंतांची शरीरे निकोप राहावीत म्हणून घरात एक शब्द मोकळेपणाने बोलण्याची सवय आपण लाविली, तर त्यास वर्गणीचीही आवश्यकता नाही.